ईरी सरोवरावरचे दोन दिवस

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर गोड्या पाण्याची जी पाच महासरोवरे पसरली आहेत, त्यांत ईरी सर्वांत उथळ आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर. आमचा कोल्हापूर जिल्हा त्यात तीन वेळा मावेल. एवढ्या विस्ताराला सरासरी खोली मात्र अवघी १९ मीटर, आणि पश्चिमेकडील भागात तर ७-८ मीटरच. पसरट भांड्यातले पाणी लवकर तापते, लवकर निवते आणि जरासा धक्का लागला तरी हिंदकळते. ईरीचे तसेच आहे. उन्हाळ्यात ते इतर महासरोवरांच्या आधी ऊबदार होते आणि हिवाळ्यात त्यांच्या आधी गोठते. वारा सुटला की थोड्याच वेळात त्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. या उबेमुळे आणि उथळपणामुळेच त्यात मासे विपुल आहेत.

पश्चिमेकडच्या या उथळ भागात ओहायो राज्याच्या किनाऱ्यासमोर तीन बेटे आहेत: दक्षिण, मध्य आणि उत्तर बास. बास हे माशाचे नाव. ही बेटे डोलोमाइट नावाच्या खडकाची बनलेली आहेत. चुनखडकासारखा दिसणारा हा खडक आधी वेगळा म्हणून ओळखला तो देओदा द दोलोम्यू या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने, आणि त्याच्याच नावावरून खडकाला डोलोमाइट हे नाव मिळाले. योगायोग असा की, ज्या माशासाठी लोक दुरून या बेटांवर येतात, त्या स्मॉलमाउथ बासच्या शास्त्रीय नावातही हाच दोलोम्यू आहे: मायक्रोप्टेरस डोलोमियू. पॅरिसमधील लासेपेद या निसर्गशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये हे नाव देताना आपल्या मित्राची आठवण जपली.

नावाच्या पहिल्या शब्दाची कथा डॉक्टर मंडळींनी ध्यानात ठेवावी अशी आहे. मायक्रोप्टेरस म्हणजे लहान पर असलेला. वास्तविक या माशाचा पाठीवरचा पर काही लहान नसतो. परंतु लासेपेदच्या हाती जो नमुना आला, त्याचा पर फाटलेला होता. मागचा तुकडा सुटा होऊन तो स्वतंत्र लहानसा पर असल्यासारखा भासत होता. एका जखमी माशावरून साऱ्या जातीचे लक्षण ठरले आणि ते नाव दोनशे वर्षे टिकून राहिले. एखाद्या दुखऱ्या भागाकडे पाहून सबंध माणसाविषयी मत बनवण्याचा मोह आम्हा डॉक्टरांना आणि रुग्णांच्या घरच्यांनाही होतो. या लेखाचा विषय तोच आहे. निमित्त मात्र मासेमारीचे.

माझी थोरली बहीण आणि दाजी गेली पस्तीस वर्षे ओहायोतील टोलेडो शहरात राहतात. हे शहर काचेच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. दाजी तिथे अभियंता होते, आता निवृत्त आहेत. लहानपणी पंचगंगेच्या घाटावर गळ टाकून तासन्‌तास बसणारा हा मुलगा परदेशात गेल्यावर साहजिकच ईरीच्या काठी रमला. लहानशी का होईना, स्वतःची बोट त्यांनी घेतली. चार वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सनचा आजार असल्याचे निदान झाले. गेल्या वर्षी ताईचा फोन आला, "बोट विकायला सांग त्यांना. माझं ऐकत नाहीत. तू डॉक्टर आहेस, तुझं ऐकतील." रुग्ण पाहिल्याशिवाय सल्ला देऊ नये, एवढे तीस वर्षांच्या व्यवसायाने मला शिकवले आहे. म्हणून सप्टेंबरमध्ये टोलेडोला गेलो तेव्हा मीच म्हणालो, "दाजी, या शनिवारी-रविवारी मलाही न्या बरोबर."

ओहायोत सोळा वर्षांवरील व्यक्तीला गळाने मासे धरण्यासाठीही परवाना काढावा लागतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला तो थोड्या दिवसांपुरता मिळतो. तो काढून शनिवारी पहाटे आम्ही कॅटॉबा येथील धक्क्यावर पोहोचलो. बोट चालवायला भाचा होता. ताई सामान घेऊन फेरी बोटीने बेटावर येणार होती. फेरीला वीसेक मिनिटे लागतात.

बोटीत चढताना प्रथमच आजाराचे दर्शन झाले. धक्क्याच्या कडेशी दाजींचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले. पार्किन्सनमध्ये असे होते. पायांत ताकद असते, पण चालण्याची आज्ञा मेंदूतून वेळेवर निघत नाही. दाराचा उंबरठा, अरुंद वाट, लिफ्टचे तोंड, अशा जागी रुग्ण जणू गोठतो. मागून ढकलले वा हात ओढला तर तो पडण्याचीच भीती. मी पुढे होणार तोच दाजींनी खाली पाहिले. फळीवर पिवळ्या चिकटपट्टीची एक आडवी रेघ होती. त्यांनी त्या रेघेवरून पाय उचलून टाकला आणि सरळ बोटीत उतरले. ही युक्ती त्यांना तिथल्या फिजिओथेरपिस्टने शिकवली होती. आपोआप पाऊल पडत नसेल, तेव्हा डोळ्यांना दिसणारी खूण ओलांडायला सांगितली की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करतो. घरात असा रुग्ण असेल तर न्हाणीघराच्या दाराशी अशी पट्टी लावून पाहण्यासारखी आहे.

बेटांच्या आसपास पाण्याखाली खडकांचे उंचवटे आहेत. स्मॉलमाउथ बासला चिखल आवडत नाही. स्वच्छ, थंडसर पाणी आणि तळाशी दगडगोटे, हे त्याचे घर. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर तळ वर आलेला दिसला की भाचा इंजिन बंद करी आणि बोट वाऱ्यावर सावकाश वाहू देई. साधन अगदी साधे: लवचीक काठी, लहान रीळ, बारीक पारदर्शक दोरा. दोऱ्याच्या टोकाला वजन, त्याच्या वीतभर वर गळ आणि गळावर रबराचा करंगळीएवढा मासा. वजन तळाला टेकते, रबरी मासा तळाच्या जरासा वर थरथरत राहतो. खालच्या बासला तो जिवंत वाटतो.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. रबरी मासा थरथरवण्यासाठी मी मनगट हलवत होतो. दाजी म्हणाले, "मला ते वेगळं करावं लागत नाही." आणि स्वतःच हसले. पण खरी वस्तुस्थिती उलटी होती. काठी बाजूला ठेवून हात मांडीवर टेकला की त्यांचा अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी हलू लागत. काठी उचलली की कंप बराचसा थांबे. पार्किन्सनचा कंप विश्रांतीचा असतो. हात मोकळा असता तो दिसतो, हात कामाला लागला की बहुधा कमी होतो. घरी टीव्हीसमोर बसलेल्या दाजींचा हात ताई रोज पाहत होती आणि या हातांनी बोटीवर काय होणार, अशी तिची समजूत झाली होती. कामात गुंतलेला हात तिने फारसा पाहिलाच नव्हता.

याचा अर्थ आजार नव्हता असे नाही. गाठ बांधताना तो स्पष्ट दिसला. गळ बांधण्याची त्यांची जुनी गाठ अनेक वेढ्यांची होती. बोटांची चपळता गेल्यावर ती जमेना. आता ते पालोमार नावाची गाठ बांधतात. दोरा दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवायचा, त्याची एक साधी सैल गाठ मारायची आणि उरलेल्या फासातून गळ पार करून ओढायचे. ओढण्यापूर्वी दोरा ओला करायचा, म्हणजे घर्षणाने तो कमजोर होत नाही. मला या कृतीला अर्धे मिनिट लागले. दाजींना चार मिनिटे. भाच्याने दोनदा हात पुढे केला. दोन्ही वेळा मी त्याला डोळ्यांनी थांबवले. चार मिनिटांनी गाठ पक्की झाली आणि तिने दिवसभर दगा दिला नाही. रुग्णाला वेळ लागतो म्हणून त्याच्या हातातले काम आपण काढून घेतो, तेव्हा आपली सोय होते. त्याच्या बोटांचा व्यायाम मात्र बुडतो.

साडेआठच्या सुमारास दाजींची काठी वाकली. बासचा पहिला हिसका खालच्या दिशेने असतो. मग दोरा एकाएकी सैल पडतो आणि मासा पाण्याबाहेर उसळी घेतो. काशासारखा तपकिरी रंग, अंगावर उभे गडद पट्टे, लालसर डोळा. हा मासा जेमतेम दोन किलोंचा असेल, पण त्याने दाजींना तीनचार मिनिटे उभे ठेवले. गुडघे किंचित वाकवून, कंबर वळवून, एका हाताने काठी तोलत दुसऱ्याने रीळ फिरवायचे. तोल, वळणे, दोन्ही हातांची वेगवेगळी कामे: फिजिओथेरपीच्या वर्गात जे करून घेतात, तेच इथे आनंदाने चालले होते. शिवाय वाऱ्यात आणि लाटांच्या आवाजात बोलणे ऐकू जावे म्हणून त्यांना मोठ्याने ओरडावे लागत होते. या आजारात आवाज बारीक होत जातो आणि मुद्दाम मोठ्याने बोलणे हाच त्यावरचा व्यायाम आहे.

मासा हाती आल्यावर दाजींनी आधी हात पाण्यात बुडवून ओले केले. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे संसर्गापासूनचे संरक्षण असते. कोरड्या हाताने धरले की तो निघून जातो. गळाला त्यांनी काटा ठेवलेला नव्हता, त्यामुळे तो सहज सुटला. धडपडीमुळे माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते, जसे धावपटूच्या पायांत साठते. म्हणून झुंज फार लांबवायची नाही आणि मासा हवेत फार वेळ धरायचा नाही. दहा सेकंदांत तो पाण्यात गेला आणि शेपटीच्या एका फटक्यासरशी दिसेनासा झाला.

मासा धरून सोडून द्यायचा, तर धरायचा कशाला, असा प्रश्न माझ्या मनात आला, तसा तो वाचकांच्याही मनात येईल. धरण्यात माशाला इजा होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सोडून देण्यामागचे कारण असे: हा मासा सावकाश वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. वसंतात पाणी १५-१६ अंश सेल्सियसपर्यंत तापले की नर दगडगोट्यांत शेपटीने जागा साफ करून घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंड्यांची आणि पिलांची राखण नर एकटा करतो. त्या काळात तो फारसे खातही नाही. त्याला घरट्यावरून उचलले तर इतर मासे थोड्याच वेळात अंडी फस्त करतात. म्हणून मे-जूनमध्ये इथे बास धरण्याचे नियम अधिक कडक असतात. या माशाची कीर्ती अमेरिकाभर पसरवणारे पुस्तक १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचा लेखक जेम्स हेन्शॉल हा व्यवसायाने डॉक्टर होता, हे दाजींनी मला मुद्दाम सांगितले.

साडेअकराला दाजींच्या घड्याळाचा गजर वाजला. लेव्होडोपाच्या गोळीची वेळ. हे औषध आतड्यातून शोषले जाताना अन्नातील प्रथिनांशी त्याची स्पर्धा होते. म्हणून ते बहुतेकांना जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायला सांगतात. गोळीचा अंमल उतरू लागला की रुग्ण मंदावतो. बोटीतून उतरण्याचे काम त्या मंद वेळेत येऊ नये, असा हिशेब दाजींनी स्वतःच बसवलेला होता. गोळी घेतली, आणखी पाऊण तास गळ टाकले आणि मग आम्ही दक्षिण बास बेटाच्या बंदरात शिरलो. पुट-इन-बे हे तिथल्या गावाचे नाव.

गावाजवळ ३५२ फूट उंचीचा एक दगडी स्तंभ आहे. १० सप्टेंबर १८१३ रोजी या पाण्यावर अमेरिकन आणि ब्रिटिश जहाजांची लढाई झाली. तिचे स्मारक म्हणून तो उभारला, पण त्याच्या नावात विजयाबरोबर शांततेचाही उल्लेख आहे, कारण त्यानंतर या सीमेवरचे दोन्ही देश शेजारधर्माने राहिले. बंदरातल्या चिमुकल्या जिब्राल्टर बेटावर ओहायो राज्य विद्यापीठाची स्टोन प्रयोगशाळा आहे. १८९५ पासून या प्रयोगशाळेचे विद्यार्थी सरोवराचा अभ्यास करत आले आहेत. एखाद्या रुग्णाची सव्वाशे वर्षांची केसपेपरची फाइल उपलब्ध असावी, तसे मला वाटले.

जेवायला तळलेला पर्च मासा होता. बास का खात नाहीत, असे मी विचारले. दाजी म्हणाले, "मोठा मासा लहान मासे खातो, त्यांच्यातला पारा याच्यात साठतो." हे खरे आहे. मोठ्या, वयस्क, शिकारी माशांत पारा आणि काही औद्योगिक रसायने साठत जातात. कोणत्या पाण्यातला कोणता मासा किती वेळा खावा, याचे सल्ले तिथले सरकार प्रसिद्ध करते. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांनी ते विशेष पाळायचे असतात. आपल्याकडेही सुरमईसारखा मोठा शिकारी मासा रोज खाण्यापेक्षा बांगडा, तारली असे लहान मासे आलटून पालटून खाणे शहाणपणाचे.

दुपारी काठावर फिरताना पायाखाली लहान पट्टेदार शिंपल्यांचा खच लागला. हे झेब्रा शिंपले मूळचे काळ्या समुद्राच्या परिसरातले. जहाजांच्या तळाशी भरलेल्या पाण्यातून १९८०च्या दशकात ते इथे आले. एक शिंपला दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळतो. असे असंख्य शिंपले झाल्यावर सरोवर नितळ झाले. त्यांच्यापाठोपाठ त्याच भागातून गोबी नावाचा लहान मासा आला. तो शिंपले खातो, आणि बास त्याला खाऊन पुष्ट होतो. पण बासच्या घरट्यातली अंडी खाणाऱ्यांत पहिला असतो तोही हा गोबीच. अनवाणी चालणाऱ्याला मात्र या शिंपल्यांची धार चांगलीच जाणवते. पाण्यात उतरताना जुनी पादत्राणे घालावीत आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.

शिंपल्यांनी पाणी नितळ केले, म्हणून सरोवर निरोगी झाले असे मात्र नाही. ताईने त्याची दुसरी बाजू पाहिली आहे. २ ऑगस्ट २०१४ च्या सकाळी टोलेडोच्या रहिवाशांना सूचना मिळाली: नळाचे पाणी पिऊ नका, उकळूही नका. सरोवरात वाढलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष शहराच्या पाण्यात उतरले होते. चार-पाच लाख लोकांना तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर राहावे लागले. "आपल्या आईने लहानपणापासून एकच शिकवलं, पाणी उकळून प्या," ताई म्हणाली, "आणि त्या दिवशी तेच चालेना." जंतू उकळल्याने मरतात, हे विष उकळल्याने नष्ट होत नाही, उलट पाण्याची वाफ झाल्याने राहिलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. आमच्या रंकाळ्यावरही जलपर्णी आणि हिरवी साय आम्ही पाहिली आहे. पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा थर दिसला तर त्यात मुलांना उतरू देऊ नये, जनावरांना पाजू नये, एवढे प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावे.

ईरीचा आजार जुना आहे. सांडपाणी आणि धुण्याच्या पावडरींतला फॉस्फरस साठून १९६०च्या दशकात त्यात इतके शेवाळ माजले की वर्तमानपत्रांनी त्याला मृत सरोवर म्हटले. २२ जून १९६९ रोजी त्याला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने क्लीव्हलँड शहरात पेट घेतला. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी पाण्याच्या शुद्धतेचा करार केला, सांडपाण्यावर प्रक्रिया सुरू झाली, फॉस्फरसवर मर्यादा आली आणि सरोवर सावरले. पुढे शेतांतल्या खतांचा फॉस्फरस मॉमी नदीतून येऊ लागला आणि शेवाळ परतले. आता उन्हाळाभर पाण्याचे नमुने तपासले जातात आणि शेवाळाचा अंदाज हवामानासारखा जाहीर होतो. हा इतिहास ऐकताना मला माझे मधुमेहाचे रुग्ण आठवत होते. सरोवर बरे झाले असे कोणी म्हणत नाही, आणि मेले म्हणून कोणी सोडूनही दिलेले नाही. ते सांभाळले जाते. त्यात मासे धरले जातात, त्याचे पाणी एक कोटीहून अधिक लोक पितात, आणि दर आठवड्याला कोणीतरी त्याची नाडी पाहते.

दीर्घ आजाराच्या रुग्णाबाबत कुटुंबाकडून हीच अपेक्षा असते, पण घडते निराळे. निदान झाल्यावर घरचे लोक प्रेमापोटी एकेक गोष्ट बंद करत जातात. आधी गाडी, मग बाजार, मग स्वयंपाक, मग एकट्याने फिरणे. काही गोष्टी बंद कराव्याच लागतात. परंतु प्रत्येक वेळी कोणी तपासून पाहतो का? पार्किन्सनमध्ये औदासीन्य आणि नैराश्य हे आजाराचाच भाग असतात. उरलेली आवडही काढून घेतली तर त्यांना मोकळे रान मिळते. उलट नियमित व्यायामाने चाल आणि तोल सुधारायला मदत होते, हे आता सर्वमान्य आहे. आणि आवडीचा व्यायामच टिकतो.

रविवारी सकाळी पाणी शांत होते. मध्य बासच्या बाजूला मासे अक्षरशः रांगेने लागत होते. मलाही दोन मिळाले. दहाच्या सुमारास दाजींनी एकाएकी काठी खाली ठेवली आणि मान वर करून पाहिले.

"वारा ईशान्येला फिरला. चला परत."

"बाबा, अजून अर्धा तास," भाचा म्हणाला. "आत्ता कुठे लागायला लागलेत."

"अर्ध्या तासाने मासे असतील, पण धक्क्यावर उतरता यायचं नाही मला. चल."

ईशान्येचा वारा सरोवराच्या लांबीवरून थेट या उथळ कोपऱ्यात येतो आणि लाटा ढकलत आणतो, हे मला नंतर कळले. आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा बोट वरखाली होऊ लागली होती. दाजींनी पिवळी पट्टी पाहिली, क्षणभर थांबले, भाच्याच्या दंडाला स्वतःहून धरले आणि उतरले. पुढच्या तासाभरात पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला.

मी जे तपासायला गेलो होतो, त्याचे उत्तर त्या एका निर्णयात होते. हाताचा कंप, चालीची मंदी, गाठीला लागणारी चार मिनिटे, हे सारे मी पाहिले होते. बोट ठेवावी की विकावी, हे मात्र यांतल्या कशावरूनही ठरणार नव्हते. आपल्याला काय जमते, काय जमत नाही आणि केव्हा थांबायचे, हे त्या माणसाला कळते का, हा खरा प्रश्न होता. मासे लागत असताना थांबणे ही निरोगी माणसालाही अवघड जाणारी गोष्ट.

रात्री टोलेडोच्या घरी स्वयंपाकघरात ताईने विचारले, "मग? सांगितलंस का त्यांना?"

"त्यांना नाही, तुलाच सांगतो," मी म्हणालो आणि पाच अटी कागदावर लिहून दिल्या. दाजींनी एकट्याने पाण्यावर जायचे नाही. बोट दुसऱ्याने चालवायची. धक्क्यावर पाय ठेवल्यापासून परत येईपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर हवे, ते फक्त बोटीत पडून असून उपयोग नाही. गोळ्यांच्या वेळा सांभाळूनच चढायचे-उतरायचे. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवी. उन्हासाठी तर हवीच, पण उडालेला गळ डोळ्यात जाऊ नये म्हणूनही. आणि गळ डोळ्यापाशी रुतलाच तर तो तिथे न काढता थेट रुग्णालय गाठायचे. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टनाही हा कागद दाखवावा, असे सांगितले. कारण प्रत्येकाचा पार्किन्सन वेगळा असतो आणि दाजींना जे मानवते ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

"म्हणजे विकायची नाही?"

"यंदा नाही. ऑक्टोबर संपताना बोट पाण्याबाहेर काढाल. मे महिन्यात परत उतरवण्यापूर्वी या पाचही अटी पुन्हा तपासायच्या. एक जरी पाळता येत नसेल, तर त्या वर्षी बोट नाही. मग काठावरून गळ टाकायचा."

दाजी दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी मान डोलावली. ताईने कागद दोनदा वाचला, पेन घेतले आणि खाली सहावी अट स्वतःच्या अक्षरात लिहिली: आमिषाचा डबा गाडीत ठेवायचा नाही. पार्किन्सनमध्ये वासाची जाणीव कंप सुरू होण्याच्या कितीतरी आधी मंदावू शकते. त्यामुळे गाडीतला माशांचा वास दाजींना येतच नाही आणि ताईला तो आठवडाभर पुरतो. सहा अटींचा तो कागद आता त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.